नेमणूक कोणाची? सर विश्वेश्वरय्यांचे चरित्र एका वेगळ्या बाजूने

१५ सप्टेंबर हा अभियंता दिन. आपल्या हैदराबादेत त्या दिवशी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि मुसी नदीच्या पुराची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली जाते. त्यांनी कोणती धरणे बांधली, कोणते कारखाने काढले, ते किती वक्तशीर होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून ठाऊक आहे. त्यामुळे त्या गोष्टी मी थोडक्यात सांगणार आहे. मला या लेखात दुसरीच बाजू पाहायची आहे. या माणसाला नोकरीवर कोणी घेतले आणि का घेतले, त्याला कुठे अडवले, आणि पुढे नेमणुका करण्याचा अधिकार त्याच्या हाती आला तेव्हा त्याने कोणत्या तत्त्वावर माणसे निवडली?

मी अभियंता नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि सारे आयुष्य बँकेत गेले. पण नोकरीच्या अखेरच्या काळात तांत्रिक अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेणाऱ्या समितीवर मला बसावे लागले. तिथे घडलेली एक गोष्ट अजून मनात टोचते आणि तीच या लेखाचे निमित्त आहे. ती शेवटी सांगतो.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ साली, त्या वेळच्या म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. घराणे तेलुगू भाषक ब्राह्मणांचे. मोक्षगुंडम हे त्यांच्या पूर्वजांचे, आजच्या आंध्र प्रदेशातले गाव. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे जाणकार होते. घरात पैसा नव्हता, पण पोथ्या होत्या आणि शिकलेल्या माणसाला मान होता. मुलगा शाळकरी वयाचा असतानाच वडील गेले. पुढच्या शिक्षणासाठी तो बंगळुरूला मामांच्या आधाराने आला. सेंट्रल कॉलेजात शिकताना एका कोडगू कुटुंबातील मुलांची शिकवणी घेऊन त्याने आपला खर्च भागवला. १८८१ मध्ये तो बी.ए. झाला.

त्या काळी म्हैसूर संस्थानात अभियांत्रिकीचे महाविद्यालय नव्हते. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली म्हणून हा मुलगा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. हेच आजचे सीओईपी. १८८३ साली एल.सी.ई. आणि एफ.सी.ई. या परीक्षांत तो पहिला आला, जेम्स बर्कली पारितोषिक मिळाले, आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला त्याची नेमणूक झाली.

ही नेमणूक कशी झाली ते नीट पाहू. मुंबई सरकारची प्रथा अशी होती की पुण्याच्या या परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला खात्यात जागा हमखास मिळे. तिथे वशिला चालत नव्हता. उमेदवार परप्रांतीय आहे, दुसऱ्या संस्थानचा प्रजाजन आहे, त्याची मातृभाषा वेगळी आहे, याचा प्रश्न उद्भवत नव्हता. गुणपत्रिका समोर ठेवली की नेमणूक पक्की. बँकेच्या लेखी परीक्षेतून नोकरीला लागलेल्या माझ्यासारख्या माणसाला या नियमाचे मोल चटकन कळते. वडील नसलेल्या, शिकवण्या करून शिकलेल्या मुलाला या एका नियमाने खात्याचे दार उघडून दिले.

पण हे दार अगदी अरुंद होते. खात्यातील वरच्या जागांचा मुख्य रस्ता पुण्यावरून जातच नव्हता, तो जात होता विलायतेतून. हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठी अभियंते तयार करायला इंग्लंडमध्ये कूपर्स हिल येथे १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला खास महाविद्यालय उघडले होते. तिथून बाहेर पडणारे तरुण बहुतेक सगळे इंग्रज असत आणि थेट अधिकारी म्हणून इकडे येत. पुढे १८९० च्या दशकात तर खात्याची इम्पीरियल आणि प्रॉव्हिन्शियल अशी उघड विभागणी झाली. विलायतेत निवडलेले वरच्या गटात, इथल्या महाविद्यालयांतले खालच्या गटात. नद्या, कालवे आणि पाऊस इथला, पण ते कोणाला अधिक कळते हे इंग्लंडमध्ये ठरत होते. साहेबाच्या अंगी हुकमत असते आणि एतद्देशीय माणसाला हाताखालीच काम जमते, ही त्या राज्यकर्त्या समाजाची समजूत होती, आणि भरतीचे नियम त्या समजुतीबरहुकूम लिहिले गेले होते.

चोवीस वर्षे आणि वरचे छत

विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात चोवीस वर्षे राहिले. नाशिक, धुळे, पुणे, सुरत आणि इलाख्याचाच भाग असलेल्या सिंधमध्ये सक्कर. सक्करला सिंधूच्या गढूळ पाण्यातून स्वच्छ पाणी मिळवण्यासाठी त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली, म्हणजे वाळूतून पाझरून आलेले पाणी आपोआप गाळले जाई. १८९९ मध्ये दक्षिणेतील कालव्यांसाठी त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. पाणी मोजक्या शेतकऱ्यांच्या उसालाच न जाता ठरलेल्या पट्ट्यांत पाळीपाळीने फिरावे, असा तिचा रोख होता. खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठराविक पातळीच्या वर गेले की दरवाजे उचलले जातात आणि पातळी उतरली की पुन्हा बंद होतात. त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता काही फूट जास्त पाणी साठवता आले. पुढे असे दरवाजे ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावरही बसले, हे आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना ठाऊक असेल.

पुण्याच्या मुक्कामात न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा जवळचा संबंध आला. डेक्कन क्लबच्या उभारणीत ते या मंडळींबरोबर होते. उद्योगांशिवाय देशाचे दारिद्र्य हटणार नाही हा रानड्यांचा विचार त्यांनी आयुष्यभर जपला.

खात्यात त्यांची बढती झपाट्याने झाली. काही वरिष्ठांना मागे टाकून ते अधीक्षक अभियंता झाले आणि त्यावरून कुरबुरीही झाल्या. त्यापुढची पायरी मुख्य अभियंत्याची होती. ते पद त्या काळी इंग्रज अधिकाऱ्यासाठीच असे धरले जाई. असे लिहिलेले कुठे नव्हते, पण सगळ्यांना माहीत होते. ज्यांनी कचेरीत आयुष्य काढले आहे त्यांना हे सांगायला नको की न लिहिलेले नियम सर्वांत पक्के असतात. विश्वेश्वरय्यांनी तक्रार केली नाही, अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. १९०८ मध्ये वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी त्यांनी निवृत्ती मागितली. पूर्ण निवृत्तिवेतनासाठी पंचवीस वर्षांची नोकरी लागे, तिला थोडे दिवस कमी होते. सरकारने तरीही वेतन मंजूर केले. म्हणजे माणसाची किंमत सरकारला कळत होती, पण वरची खुर्ची द्यायची तयारी नव्हती.

मुसीचा पूर

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त केले. हजारो माणसे दगावली. नदीच्या वरच्या खोऱ्यातले दोनशेहून अधिक लहानमोठे तलाव एकामागून एक फुटले आणि त्यांचे पाणी शहरावर आले. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातले चिंचेचे झाड आजही उभे आहे. त्याच्या फांद्यांवर चढून बसलेली सुमारे दीडशे माणसे त्या दिवशी वाचली. अफजलगंजकडून जाताना आपण ते पाहतो.

निजाम सरकारने मदतीसाठी विचारणा केली तेव्हा विश्वेश्वरय्या परदेश दौऱ्यावर, इटलीत होते. दौरा पुरा करून एप्रिल १९०९ मध्ये ते हैदराबादला आले. पुराचा अभ्यास करून त्यांनी सुचवलेला उपाय आज सोपा वाटतो, पण तो पावसाची आणि प्रवाहाची बारकाईने आकडेमोड करून काढलेला होता. शहराच्या वरच्या बाजूला मुसीवर आणि तिला मिळणाऱ्या ईसीवर मोठे जलाशय बांधायचे. पूर आला की जादा पाणी तिथे अडवायचे आणि शहरातल्या पात्राला पेलेल एवढेच खाली सोडायचे. तसे झाले. मुसीवरचा उस्मानसागर, म्हणजे आपले गंडीपेट, १९२० मध्ये पुरा झाला आणि ईसीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये. शहराच्या भुयारी गटारांची योजनाही त्यांनीच आखून दिली.

मुंबई सरकारने ज्याला मुख्य अभियंता केले नाही त्याला एका संस्थानाने बोलावून घेतले. संस्थानांना गोऱ्या साहेबाच्या हुकमतीची मातब्बरी नव्हती का? होतीच, तिथेही इंग्रज अधिकारी होते. पण राजधानी पाण्याखाली गेल्यावर उमेदवाराच्या कातडीचा रंग दुय्यम ठरला.

इथे हैदराबादचा एक जुना वाद आठवतो, तो म्हणजे मुल्की आणि गैरमुल्की. सालारजंगांच्या काळापासून उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसे संस्थानात मोठ्या जागांवर आणली जात होती आणि इथल्या लोकांना ते खुपत होते. पुढे १९१९ मध्ये नोकऱ्यांत मुल्की माणसाला अग्रक्रम देणारे नियम झाले, त्यात बाहेरून आलेल्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट होती. आपल्या मराठी समाजातही ही रेघ होती. औरंगाबाद, नांदेड, परभणीकडचा माणूस संस्थानचा प्रजाजन म्हणून मुल्की. पुणे-साताऱ्याकडून आलेला, तीच भाषा बोलणारा, तेच सण करणारा, तो गैरमुल्की. त्यात १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. १९२९ मध्ये तिथे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले तेव्हा मराठवाड्यातल्या मुलाला गणिताइतकीच उर्दूची तयारी करावी लागे. भाषा हीही नोकरीच्या दारातली एक चौकट असते, आणि कोणत्या उंचीच्या माणसाने वाकायचे हे ती ठरवते.

विश्वेश्वरय्या या वादात पडले नाहीत. ते ठराविक कामासाठी आलेले बाहेरचे तज्ज्ञ होते आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात म्हैसूरला गेले.

दार आता त्यांच्या हाती

म्हैसूरहून बोलावणे पाठवणारे दिवाण टी. आनंदराव हे तंजावरच्या मराठी घराण्यातले. बडोद्याचे दिवाण राहिलेले राजा सर टी. माधवराव हे त्यांचे वडील. विश्वेश्वरय्यांनी लगेच होकार दिला नाही. तांत्रिक शिक्षण आणि उद्योग यांना संस्थानचा पाठिंबा मिळणार आहे का, हे त्यांनी आधी विचारून घेतले. खात्री पटल्यावरच ते मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये महाराज कृष्णराज वडियार यांनी त्यांना दिवाण केले.

हैदराबादेत मुल्कीचा, तसा म्हैसुरात मद्रासी विरुद्ध म्हैसुरी असा वाद होता. वरच्या जागांवर मद्रास इलाख्यातून आणलेले अधिकारी बसत आणि इथल्या माणसांनी कारकुनीच करायची का, असा सवाल होता. आपल्या मातीतला, तोही अभियंता असलेला दिवाण मिळाल्याचा लोकांना आनंद झाला. दिवाणपद घेण्याआधी त्यांनी नातेवाइकांना एकत्र बोलावले आणि कोणीही कसलीही शिफारस घेऊन येणार नाही असे वचन घेतले, असे सांगतात. सरकारी कामाला सरकारी मेणबत्ती आणि खाजगी कामाला स्वतःची, ही गोष्टही प्रसिद्ध आहे. त्यातला दंतकथेचा भाग सोडला तरी आप्तांची वर्णी लावण्याच्या काळात हा माणूस वेगळा होता, हे त्यांच्या विरोधकांनीही मानले.

त्यांच्या दिवाणगिरीच्या सहा वर्षांत झालेल्या कामांची यादी मोठी आहे. कावेरीवरचे कृष्णराजसागर धरण, १९१३ ची म्हैसूर बँक, १९१६ चे म्हैसूर विद्यापीठ, चंदन तेलाचा आणि साबणाचा कारखाना, भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची पायाभरणी. म्हैसूर बँकेचा उल्लेख मी बँकवाला म्हणून थोड्या अभिमानाने करतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, १९१७ चे बंगळुरूचे अभियांत्रिकी महाविद्यालय. छत्तीस वर्षांपूर्वी त्यांना स्वतःला पुण्याला जावे लागले होते, ते आता म्हैसूरच्या मुलाला लागणार नव्हते. दुसरी, साबण कारखान्याची हकिकत. महायुद्धामुळे म्हैसूरचे चंदन जर्मनीला जाणे थांबले तेव्हा बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांच्या मदतीने तेल इथेच काढायची सोय झाली. साबण करायला मात्र परदेशी तज्ज्ञाला कायमचा पगार न देता सोसले गरळपुरी शास्त्री या तरुण रसायनशास्त्रज्ञाला लंडनला पाठवून तंत्र शिकून आणवले. त्याच शास्त्रींच्या हातून म्हैसूर सँडल साबण तयार झाला. पुढे १९२३ मध्ये भद्रावतीचा कारखाना तोट्यात असताना विश्वेश्वरय्यांनी त्याचे अध्यक्षपद घेतले आणि तिथेही परदेशी तंत्रज्ञांच्या जागी हळूहळू इथली माणसे तयार केली. त्या कामाचा मोबदला त्यांनी स्वतःसाठी न घेता बंगळुरूला व्यवसाय शिक्षणाची संस्था काढायला दिला. माणूस मिळत नाही म्हणून बसून राहण्यापेक्षा माणूस घडवावा, ही त्यांची रीत होती.

जे त्यांना दिसले नाही

आता चरित्रातला अवघड भाग. समारंभातल्या भाषणांत तो सहसा येत नाही.

म्हैसूर संस्थानात ब्राह्मणांची संख्या लोकसंख्येच्या मानाने अगदी थोडी, पण राजपत्रित जागांवर ते बहुसंख्य होते. वक्कलिग, लिंगायत, मुसलमान आणि इतर समाजांनी यावर आवाज उठवला. १९१७ मध्ये प्रजामित्र मंडळी ही संघटना उभी राहिली. महाराजांनी १९१८ मध्ये सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सात वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निदान निम्म्या आणि खालच्या जागांपैकी दोन तृतीयांश ब्राह्मणेतरांना मिळाव्यात अशी शिफारस पुढे त्या समितीने केली. आपल्याकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी असा हुकूम १९०२ मध्येच काढला होता.

विश्वेश्वरय्यांना हे मान्य नव्हते. गुणवत्तेखेरीज दुसरी कसोटी लावली तर कारभार ढासळेल असे त्यांचे मत होते. शिक्षण सर्वदूर न्यावे म्हणजे सगळे समाज आपोआप पुढे येतील, असे ते म्हणत आणि त्यासाठी त्यांनी झटून कामही केले. १९१३ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, शाळांची संख्या दुपटीहून अधिक वाढवली. पण जागा राखून ठेवण्याला त्यांचा विरोध कायम राहिला. १९१८ च्या अखेरीस त्यांनी दिवाणपद सोडले, त्यामागे हाच मतभेद होता असे मानले जाते.

त्यांच्या हेतूवर शंका घ्यायला जागा नाही. त्यांनी स्वतःच्या जातीच्या माणसांची भरती केली नाही, नातलगांची तर नाहीच. पण मला असे वाटते की पुण्याच्या परीक्षेने त्यांना जो न्याय दिला तोच सगळ्यांना पुरेसा आहे, असे त्यांनी धरून चालले. त्या परीक्षेपर्यंत पोचायला त्यांना काय मिळाले होते? पैसा नव्हता हे खरे. पण वडील शास्त्री होते. अक्षर घरात होते. मुलाने शिकायचेच, हे गृहीत होते. बंगळुरूला आधार द्यायला शिकलेले मामा होते. शिकवणीसाठी एखाद्या घरात ठेवून घ्यायला कोणी नाही म्हणत नव्हते. मुद्देनहळ्ळीतल्याच एखाद्या शेतमजुराच्या हुशार मुलाला यातले काय मिळाले असते? त्याच्यासाठी पुण्याची परीक्षा उघडीच होती, पण तिथपर्यंतचा रस्ताच नव्हता. वंशामुळे घातलेले मुंबईचे छत विश्वेश्वरय्यांना स्पष्ट दिसले, कारण ते त्यांच्या डोक्याला लागले होते. जातीमुळे दुसऱ्यांच्या पायाखाली नसलेल्या पायऱ्या तितक्या स्पष्ट दिसल्या नाहीत.

त्यामुळे त्यांचे मोठेपण कमी होते असे मी म्हणत नाही. एवढा निःस्पृह माणूस जिथे चुकू शकतो तिथे आपण किती सांभाळून असायला हवे, एवढेच मला त्यातून कळते.

पुढची वर्षे

दिवाणपदानंतर ते आणखी चाळीसहून अधिक वर्षे जगले आणि कामात राहिले. मुंबई सरकारच्या तांत्रिक व औद्योगिक शिक्षण समितीचे अध्यक्ष, टाटा पोलाद कंपनीचे दीर्घकाळ संचालक, १९३४ मध्ये नियोजित अर्थव्यवस्थेवरील पुस्तकाचे लेखक. हिंदुस्थानात मोटार बनवावी ही त्यांची खटपट होती आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती पुढे नेली. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि एप्रिल १९६२ मध्ये शंभरी ओलांडून त्यांचे बंगळुरू येथे निधन झाले.

माझी एक कबुली

आता ती मुलाखतीची गोष्ट. संगणक विभागासाठी अधिकारी घ्यायचे होते. लेखी परीक्षा झालेली, आमच्यापुढे निवडक उमेदवार होते. त्यातला एक मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावी शिकलेला मुलगा. शर्टाला इस्त्री कडक, पण बूट नवे असावेत, चालताना चावत होते. समितीतल्या तज्ज्ञांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची त्याने बरोबर उत्तरे दिली, अडखळत, मोडक्या इंग्रजीत. मी छंदांबद्दल विचारले तेव्हा त्याला प्रश्नच नीट कळला नाही. सुटीत शेतात असतो, म्हणाला. त्याच्यानंतर आला तो शहरातला, सफाईदार बोलणारा. तांत्रिक उत्तरे बेताची, पण खुर्चीत बसण्यापासून आभार मानण्यापर्यंत सगळे कसे रीतसर.

व्यक्तिमत्त्व नावाचा रकाना माझ्याकडे होता. पहिल्याला मी कमी गुण दिले, दुसऱ्याला भरपूर. थोडक्या गुणांनी पहिला राहिला. त्या संध्याकाळी घरी येताना मनात आले की मी मराठवाड्याच्या त्या मुलाशी मराठीत दोन वाक्ये बोललो असतो तर कदाचित तो मोकळा झाला असता. पण समितीची भाषा इंग्रजी होती आणि मीही साहेबासारखाच बसलो होतो. ज्या रकान्यात मी गुण भरले तो त्या मुलाच्या कामाचा नव्हता, त्याच्या घराचा होता. तो पुढे कुठे गेला मला माहीत नाही.

आज आपल्यातली अनेक मुले गच्चीबावलीत आणि हायटेक सिटीत नोकऱ्या करतात. त्यांतली काही आता स्वतः मुलाखती घेण्याच्या जागी पोचली आहेत. कंपनीच्या वातावरणात उमेदवार बसेल का, हा प्रश्न त्यांच्या कागदावरही असतो म्हणे. शब्द नवे असतील, रकाना तोच आहे. म्हणून हे लिहावेसे वाटले.

एक शेवटची नोंद. हैदराबादेत आता दोन अभियंता दिन आहेत. १५ सप्टेंबर साऱ्या देशाचा. आणि तेलंगण सरकारने ठरवलेला ११ जुलै, नवाब अली नवाज जंग बहादूर यांचा जन्मदिवस. निजामसागर धरणाचे हे शिल्पकार इथल्याच शाळांत शिकले आणि संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कूपर्स हिलला गेले. ज्या महाविद्यालयाच्या पदवीधरांमुळे विश्वेश्वरय्यांसारख्यांची वाट अडली, तिथेच एका संस्थानाने आपला मुलगा पाठवला आणि परत आल्यावर त्याला मुख्य अभियंत्याच्या खुर्चीपर्यंत जाऊ दिले. एकाला परीक्षेने निवडले, दुसऱ्याला शिष्यवृत्तीने घडवले. या शहराला दोघांचाही उपयोग झाला.

मुलानातवंडांना घेऊन गंडीपेटला जाल तेव्हा त्यांना दोन्ही नावे सांगा.